केवड्याची मोटार

मोटारीत बसल्या बसल्या सिंधूताईंना शिंक आली आणि रुपराव गोतमाऱ्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"उतरा," सिंधूताई म्हणाल्या.

"अवं, पण आत्ताच तर बसलो! गाडी चालू बी नाही केली!"

"तेच तर. निघता निघता शिंक आली. घरात चला, पाणी प्या, थोडं टेका, मंग निघू."

रुपराव मुकाट्याने उतरले, घरात गेले, पाणी प्यायले आणि पाटावर टेकले. पुन्हा दोघं फाटकाशी आली, मोटारीत बसली, आणि आता खुद्द रुपरावच असे शिंकले की समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. पुन्हा घर, पुन्हा तांब्या. मोटार घेतल्यापासून हेच चाललं होतं. गोतमाऱ्यांची मोटार अजून फाटकाबाहेर गेली नव्हती आणि रुपरावांच्या पोटात मात्र पाणी खळखळत होतं.

दोष शिंकेचा नव्हता, मोटारीचा होता. तिचा आधीचा मालक भिवापूरकडचा मिरचीचा व्यापारी. ट्रकमध्ये जी पोती मावायची नाहीत ती तो बिनदिक्कत मोटारीच्या मागच्या सीटवर कोंबायचा. वर्षानुवर्षं त्या गाडीने माणसांपेक्षा मिरच्याच जास्त वाहिल्या होत्या. रुपरावांनी ती विकत घेतली, साबणाने धुतली, वाऱ्यावर ठेवली, तरी दार उघडलं की नाकात झणका यायचा तो यायचाच.

आता जन्मभर सायकलवरून पाटबंधारे खात्यात जाणाऱ्या हेडक्लार्कला मोटार कशाला हवी होती, असं कुणीही विचारील. तर त्याचं उत्तर पुष्पलता. ही त्यांची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी काटोलकडे बोरगावला दिली. लग्न झालं आणि पोर जी सासरी गेली ती परत आलीच नाही. दिवाळीला आणायला गेले तर तिच्या सासूबाई, भीमाबाई, म्हणाल्या, गाय व्यायची आहे. संक्रांतीला गेले तर म्हणाल्या, माझा गुडघा सुजला आहे. यंदा उन्हाळ्यात आंब्याच्या रसाला न्यायला गेले, तेव्हा गाईचं वासरू अंगणात उड्या मारत होतं आणि भीमाबाई गुडघा दुमडून कुरडया घालत होत्या. दोन्ही सबबी संपल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "एवढ्या उन्हात सुनेले एसटीचे धक्के खायले नाही धाडत मी. मोटर घेऊन या, मंग नेजा खुशाल."

ते त्या नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या होत्या. पण रुपरावांची सारी हयात सरकारी कचेरीत गेलेली. अट म्हणजे अट. अट पुरी केली की समोरच्याला मंजुरी द्यावीच लागते, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यांनी फंडातून पैसे काढले, मोटार चालवायला शिकले आणि ही मिरचीची मोटार दारात आणून उभी केली. आता तीच फाटकाबाहेर निघेना, म्हणून माणूस रडकुंडीला आला होता.

शेजारचे गणपतराव रेल्वेतून निवृत्त झालेले. रेल्वेने सोडल्यापासून ते सगळ्या गल्लीला सल्ले देत. ते फाटकावर हात टेकून म्हणाले, "रुपराव, धुऊन काही होत नाही गा. वासाले वासानंच मारा लागते."

त्यांच्याच सल्ल्याने आदल्या आठवड्यात मोटारीत उदबत्ती लावली होती. तिने वास काही गेला नाही, सीटच्या कव्हराला भोक मात्र पडलं. तरी रुपरावांनी पुन्हा त्यांचंच ऐकलं, कारण दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं. ते सायकल काढून इतवारीत अत्तरवाल्या ताराचंदच्या दुकानी गेले.

ताराचंदने मनगटावर मोगरा लावून दाखवला, खस लावून दाखवला. रुपराव मान हलवत राहिले. "नही नही. मेरे को ऐसा पाहिजे, जो मिरची को दाबे."

"मिरची को?" ताराचंदने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मागच्या कपाटातून लाखेने तोंड बंद केलेली एक जाड बाटली काढली. "फिर ये ले जाओ, बाबूजी. केवडा है. मिरची क्या, ये आदमी को भी दाब देगा. रुई पे एक बूँद, बस. और शीशी ठंडी जगह रखना."

नागपुरात मे महिन्यात थंड जागा दोनच. एक माठाचं बूड आणि दुसरी वाळ्याच्या ताट्यांमागची कचेरीतल्या साहेबाची खोली. दोन्ही ठिकाणी बाटली ठेवणं शक्य नव्हतं. रुपरावांनी विचार करून ती मोटारीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली. तिथे ऊन पोचत नाही, म्हणजे ती जागा थंडच असणार, असा त्यांचा हिशेब होता.

"काचा पुऱ्या चढवा," गणपतराव म्हणाले. "अन् आज दिवसभर दार उघडू नका. लोणचं मुरवतो तसा वास मुरू द्या."

"अन् बाटलीचं बूच?"

"बूच काहून काढता? उद्या निघतानी थेंब टाका. आज नुसता संग होऊ द्या दोघाइचा."

त्या दिवशी नागपुरात असं ऊन पडलं की रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. काचा चढवलेली मोटार अंगणात दिवसभर तापत उभी होती. आत काय चाललं आहे हे बाहेर कुणाला कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी सिंधूताई म्हणाल्या, "जरा पाहा तरी." रुपराव म्हणाले, "लोणच्याचं झाकण सारखं उघडत नसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं आणि उघडलं तसं ढकलून लावलं. मग नाकाला पंचा लावून पुन्हा उघडलं. कप्प्यात बाटली आडवी पडली होती. लाख वितळून गेली होती, बूच उडून मागच्या सीटखाली जाऊन पडलं होतं आणि अख्खा केवडा कप्प्यातून उसळून स्टेअरिंगवर, पायाखालच्या चटईवर आणि पुढच्या सीटवर जिरला होता. थेंबभर लावायचं अत्तर मोटारीने एका दमात पिऊन टाकलं होतं. रस्त्याने चाललेली दूधवाल्याची म्हैस फाटकाशी थबकली आणि वळून दुसऱ्या गल्लीने गेली.

"आता बसा," सिंधूताई पदरातून म्हणाल्या. "पाहू."

दोघं बसली. दोघांनी वाट पाहिली. शिंक आली नाही! मिरची केवड्याखाली कुठल्या कुठे गाडली गेली होती. रुपरावांचा चेहरा उजळला. सिंधूताईंचा मात्र हिरवा पडत गेला.

"मले मळमळून राहिलं वं माय," असं म्हणत त्या उतरल्या. "तुमीच जा. मी घरी राहून रसाचे आंबे पिकत घालतो. पण पोरीले घेऊनच या. नाही आणली तर मले तोंड दाखवू नका."

आणि मोटार पहिल्यांदाच, बिनशिंकेची, फाटकाबाहेर पडली.

काटोल रोडचा तो प्रवास रुपरावांना जन्मभर पुरला असता. काचा उघडल्या तर लू आणि मिटल्या तर केवडा. स्टेअरिंग तेलकट झालेलं, त्यावर हात सरकायचे. हात पँटला पुसले तर पँटला केवडा, पँटवरून रुमालाला केवडा, रुमालावरून मिशीला केवडा. मिशी तर नाकाखालीच असते. रेल्वे फाटकापाशी शेजारी ट्रक उभा राहिला. ट्रकवाल्याने खिडकीतून वाकून पाहिलं आणि विचारलं, "क्यों दादा, बारात किधर है?" रुपरावांनी नुसता हात हलवला. तोंड उघडलं तर सकाळचा चहा बाहेर येईल अशी त्यांना भीती होती. त्यांनी तीनदा मोटार थांबवली, बाभळीखाली उभं राहून श्वास घेतला आणि दर वेळी पोरीचा चेहरा आठवून पुन्हा आत बसले.

बोरगावात शिरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. घराशी मोटार थांबली तशी पुष्पलता धावत बाहेर आली. ती बापाला नव्हे, जणू सगळ्या माहेरालाच पाहत होती. तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली रुपरावांना दिसली आणि त्यांचं काळीज भरून आलं.

"बाबा!" म्हणून ती जवळ आली आणि दोन पावलांवरच थांबली. "बाबा, अत्तराचं दुकान लुटलं का तुमी?"

"ते सांगतो मंग. तू पयले आत्याबाईंचा निरोप घे."

आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, दारात उभ्याच होत्या. भीमाबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. सून घरात आल्यापासून त्यांना दुपारी बोलायला माणूस मिळालं होतं. नवरा महादेवराव दिवसातून चार शब्द बोलले तर बोलले, एरवी ओसरीवर बसून सुपारी कातरत. मुलगा बागेत नाहीतर बाजारात, आजही तो अमरावतीला गेलेला. पुष्पा नसली की घर कसं होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण 'मला करमत नाही' असं सासू सुनेला कसं म्हणणार? त्यापेक्षा गाय बरी, गुडघा बरा.

"विहीणबाई," रुपराव हात जोडून म्हणाले, "तुमच्या म्हणण्यापरमानं मोटर आणली."

भीमाबाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली. चारही चाकं होती. छप्पर होतं. खोट कुठे काढावी ते त्यांना सापडेना. तेवढ्यात त्यांनी खिडकीत डोकं घातलं आणि विंचू चावल्यासारख्या मागे आल्या.

"हा वास कायचा हाय?"

"केवड्याचा!" रुपराव अभिमानाने म्हणाले. "असली माल. खास इतवारीतून आणला."

"केवडा? अन् नाग?"

"कोणता नाग?"

"अवं माय! केवडा असते तिथं नाग असते, हे लहान लेकराले ठावं आहे. केवड्याच्या वासावर नाग जीव टाकते. अशा मोटरीत मी माही सून बसवू?"

"विहीणबाई, ते केवड्याच्या बनात. इथं बन कुठं आहे? ही तर बाटली होती!"

"बाटली होती का बन होतं, हे नागाले काय माहीत? त्याले वास कळते. चिठ्ठी वाचता येते का त्याले?"

तोवर मोटार पाहायला जमलेल्या गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली होती. कुणी म्हणालं, काटोल रोडनं येताना घुसला असेल. कुणी म्हणालं, मोटारीच्या पोटात गारवा असतो, तिथे बसतात. बघता बघता 'नाग असू शकतो' याचा 'नाग आहे' झाला आणि माणसं काठ्या घेऊन आली.

"पाहा, खुशाल पाहा," रुपराव म्हणाले. "नाग नाही हे दिसलं की पोरीले धाडा."

एकाने मागची डिकी उघडली आणि "बापा रे!" म्हणून मागच्या मागे कोसळला. आत काळंभोर, चकचकीत वेटोळं पडलं होतं. मग काय विचारता! काठ्यांचा पाऊस पडला. दहा जणांनी दहा बाजूंनी झोडपलं. शेवटी काठीच्या टोकावर ते वर उचललं, तेव्हा ती मिरचीवाल्याने मागे ठेवलेली रबराची नळी निघाली.

"नाग नाही, नळी आहे," रुपराव घाम पुसत म्हणाले. घाम पुसल्यावर कपाळालाही केवडा लागला.

"सीटखाली पाहा," भीमाबाई म्हणाल्या. "नाग चतुर असते."

मागची सीट उपसून अंगणात आणली. नाग आत शिरला असेल तर बाहेर यावा म्हणून तिच्यावरही काठ्या पडल्या. नाग निघाला नाही. निघाली ती अनेक हंगामांची भिवापुरी मिरची, लाल धुरळा होऊन. झोडपणारे शिंकू लागले, बघणारे शिंकू लागले, गोठ्यातली गाय शिंकली. पदर तोंडाला लावायच्या आत भीमाबाईही शिंकल्या.

"झालं!" त्या नाक पुसत म्हणाल्या. "आता तर शिंक बी झाली. आता पोरगी जाणार नाही. माहं पक्कं आहे."

पुष्पलताने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आत जायला वळली. तिची ती पाठ पाहून रुपरावांचं उरलंसुरलं बळ गेलं. फंड गेला, मोटार आली, सगळी अट पुरी झाली आणि मंजुरी काही मिळाली नाही. ते ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. डोळ्यांना धार लागली होती. त्यातली मिरचीची किती आणि मनातली किती, हे त्यांचं त्यांनाच सांगता आलं नसतं.

"ठीक आहे, विहीणबाई," ते म्हणाले. "तुमची सून, तुमचं घर. मी जातो. पण मले चक्कर येऊन राहिली. ह्या वासात एकट्यानं गाडी हाकणं आता माह्याच्यानं होत नाही. मी एसटीनं जातो. मोटर इथंच राहू द्या. आठ-दहा दिवसांनी वास उतरला की घेऊन जाईन."

"राहू द्या की," भीमाबाई मोठेपणाने म्हणाल्या. "मोटरीले का चारा-पाणी लागते?"

ओसरीवर महादेवरावांची सुपारी कातरायची थांबली. त्यांनी खांड तोंडात टाकलं आणि अगदी सहज विचारलं, "मंग रातभर गोठ्यापाशीच उभी राहीन का मोटर?"

"हो. मंग कुठं?"

"नाही, आपलं इचारलं. वास लांबलोक जाते ना. पार नाल्यावरच्या वारुळापर्यंत जात असन, म्हटलं."

भीमाबाई मोटारीकडे पाहू लागल्या. मग गोठ्याकडे. मग आपली बाज रात्री जिथे अंगणात टाकतात त्या जागेकडे. ती जागा मोटारीपासून हाकेच्या अंतरावर नव्हती, हाताच्या अंतरावर होती. त्यांच्या डोळ्यांपुढे तालुक्यातले सगळे नाग वारुळं सोडून, रांगेने, केवडा हुंगत आपल्या अंगणाकडे निघालेले दिसू लागले.

"रुपरावजी," त्या एकदम उठून म्हणाल्या, "मोटर हालवा."

"पण विहीणबाई, चक्कर..."

"ते काही नाही! दिवे लागायच्या आत ही मोटर गावाबाहेर गेली पाहिजे. घोंगडं घ्या, लिंबू घ्या, काय पाहिजे ते घ्या, पण आत्ताच्या आत्ता नेजा!"

"नेतो. पण रस्त्यात डोळ्यापुढं अंधारी आली तर कोण सावरते मले? संगं कोणीतरी असलं तर..."

पुष्पलता चौकटीतच थांबलेली होती. ती खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, गावात कोणी नागाच्या मोटरीत बसणार नाही. बाबाले एकट्याले धाडलं अन् वेशीतच गाडी बंद पडली, तर मंग रातभर तिथंच..."

"वेशीत नको!" भीमाबाई ओरडल्या. वेस त्यांच्या घरापासून फार लांब नव्हती. "तू जाय. तूच जाय बापासंग. काय जीव धोक्यात घालाचा तो तुह्या बापासाठीच घाल. पिशवी घे. अगं, भरलेलीच आहे! बस, बस लवकर!"

त्यांनी सुनेला स्वतःच्या हाताने मोटारीत कोंबलं. पाठोपाठ उपसलेली सीट आत घातली, रबराची नळीही घातली. रुपरावांनी किल्ली फिरवली. मोटार खोकली आणि गप्प झाली. त्यांनी पुन्हा फिरवली, ती पुन्हा गप्प.

"धक्का मारा रे!" भीमाबाईंनी हाक दिली. पण नागाच्या मोटारीला हात लावायला कुणी पुढे येईना. तेव्हा त्या पदर खोचून स्वतः मागे लागल्या. संक्रांतीला सुजलेला त्यांचा तो गुडघा असा काही चालला की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. धापा टाकत त्या खिडकीशी आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आंबे बेताचेच खाजो वं. उष्ण पडतात तुले." आणि मग, इंजिनाच्या पहिल्या फटफटीत कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटून, "लवकर येजो. घर खायले उठते मले." पुष्पलताला ते ऐकू गेलं. तिने खिडकीतून हात बाहेर काढून सासूचा हात घट्ट धरला आणि "येतो, आत्याबाई, नक्की येतो," असं ती म्हणाली.

मोटार सुरू झाली. भीमाबाई मागे राहिल्या. महादेवराव मात्र विड्याचं पान घेऊन खिडकीसोबत चालत होते. निरोपाचं पान द्यायचं राहिलं होतं, असं त्यांनी बायकोला ओरडून सांगितलं. वळण आल्यावर, घर लिंबाआड झाल्याची खात्री करून, त्यांनी पान रुपरावांच्या हातात दिलं आणि खिडकीत वाकले.

"इवाई, दिवाळीले बी मोटरच आणजा," ते हळूच म्हणाले. "अन् गुलाबबिलाब आणू नका. केवडाच आणजा."